नवसाचा डबा

ग्रासिएलाने केरातून रिकामा खोका उचलला, डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागली. समोर तिचे वडील आन्सेल्मो सुजलेले पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून जेवत होते. टुसॉनचं वाळवंटी ऊन खिडकीच्या काचांवर तापलं होतं आणि कूलर नुसताच घरघरत होता.

खोक्यावर पुढच्या बाजूला हसऱ्या मिरचीचं चित्र होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘मेक्सिकन थाळी, मांसविरहित’. आन्सेल्मोंच्या आजीने ती थाळी पाहिली असती तर कपाळाला हात लावला असता.

“अपा, यात मीठ किती आहे, वाचलंत तरी का?”

“वाचलं. त्या हार्टवाल्या डॉक्टरकडच्या नर्सने शिकवलंय मला. सातशे चाळीस मिलिग्रॅम सोडियम. दिवसाला पंधराशेच्या आत राहा म्हणाली. मी दोनच डबे खातो. बसतंय की नाही हिशेबात?” आन्सेल्मोंनी हातातला काटा डब्याकडे रोखला. “शिवाय घेवडा आहे, प्रथिनं आहेत. वाईट काय आहे त्यात?”

ग्रासिएलाने खोका त्यांच्या नाकासमोर धरला. “सातशे चाळीस एका वाढणीत. आणि इथे वाचा. एका खोक्यात दोन वाढण्या.”

आन्सेल्मोंनी डब्यात पाहिलं. चीज भरून गुंडाळलेली मक्याची एक पोळी खाऊन झाली होती, एक उरली होती. बाजूला मूठभर भात आणि घेवड्याचा लगदा.

“हे दोघांचं जेवण?”

“हो.”

“कुठल्या दोघांचं? चिमण्यांचं?”

एरवी ती हसली असती. “रोज दुप्पट मीठ पोटात चाललंय, अपा. पाय उगाच नाही असे झाले. छातीत पुन्हा पाणी भरलं तर काय होईल, डॉक्टरांनी तुमच्या तोंडावर सांगितलंय. मीही तिथेच होते.”

आन्सेल्मोंना भीती वाटायला हवी होती. निदान लेकीची दया तरी यायला हवी होती. पण आत काहीच हललं नाही. त्यांनी उरलेली पोळी कापली आणि तोंडात घातली. कित्येक दिवसांत त्यांना खारट-तिखट कळलं नव्हतं. गरम तेवढं कळत होतं.

“जन्मभर मटणाच्या दुकानात सुरी चालवली,” ग्रासिएला म्हणाली, “आणि आता खाताय काय, तर पुठ्ठ्यातला घेवडा! मी कोंबडीचा रस्सा आणलाय. बिनमिठाचा. लिंबू पिळून देते.” तिने पातेल्यावरचं झाकण काढलं.

“मांस नको.”

“नवस संपला, अपा.”

“नाही संपला.”

नवस त्यांनी इस्पितळाच्या जिन्यात बोलला होता, ग्वादालूपेच्या मातेला. बायको, एउलालिया, घरी येईपर्यंत मांसाला शिवणार नाही. मांस भाजण्यापलीकडे त्यांना चूल ठाऊक नव्हती, म्हणून हे डबे घरात आले. एउलालिया हिवाळ्यातच वारली. डबे येतच राहिले.

“मी फादर रेनाल्दोंना विचारून आलेय,” ग्रासिएला म्हणाली. “ते म्हणाले, माणूसच गेलं तर नवस कसला? म्हणाले, सांग तुझ्या वडिलांना, देवाच्या दारी ते मोकळे आहेत.”

“मी काय बोललो ते फादरना कुठे माहीत आहे? बरी होईपर्यंत, असं नव्हतो म्हणालो. घरी येईपर्यंत म्हणालो होतो.”

ग्रासिएलाने पातेल्यावर झाकण परत ठेवलं. तिची आई अजून अंत्यविधीवाल्यांकडेच होती, राखेच्या कलशात. त्यांचे फोन येत होते, येऊन घेऊन जा म्हणून. दर वेळी आन्सेल्मो नम्रपणे उद्या येतो म्हणत. तू नको जाऊस, मीच आणीन, असं त्यांनी लेकीला बजावून ठेवलं होतं. ते का, हे तिला आत्ता कळलं. तिला कळलंय, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

“एवढंच ना?” तिने गाडीची किल्ली उचलली. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. “मग चला. आत्ताच आणू अमाला घरी. मातेपुढे मेणबत्ती लावू, आणि मग मुकाट्याने रस्सा प्यायचा. उठा.”

ती दारातले जोडे घेऊन आली, जमिनीवर बसली आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. जोडा जाईना. तिने नाडी पूर्ण सोडली, पुन्हा ढकलला, पाऊल अंगठ्याने दाबून धरलं. टाच बाहेरच राहिली.

तिने अंगठा काढला. जिथे दाबलं होतं तिथे खळगा पडला होता. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. खळगा भरून येईना.

“दुखतंय?”

“कळत नाही.”

तिने पुन्हा जोडा धरला. या वेळी आन्सेल्मोंनी पाय हळूच मागे घेतला.

“पोरी,” ते म्हणाले, “ती घरी आली, की मग मी वाट कुणाची बघू?”