नोंद तेवढी उरली

त्सुनामीच्या गाळातले बेवारस फोटो धुऊन, स्कॅन करून झाल्यावर गावानं मूळ प्रती देवळात मंत्र म्हणून अग्नीला दिल्या. डेटाबेस जड होईल म्हणून संगणकाचं काम बघणाऱ्या मोरिवाकीनं त्यात फक्त वर्णनं ठेवली, फोटो वेगळ्या डिस्कवर. बॅकअप मात्र घेतला एकट्या डेटाबेसचा. आज सकाळी ती डिस्क कायमची गेली आणि इतकी वर्षं धीर न झालेल्या चियोनो आजी आजच नातीचा फोटो शोधायला आल्या.

"फोटो उघडत नाहीयेत, आजी. नोंद तेवढी आहे."

"मग ती वाच की! मला तरी कुठं धड दिसतंय?"

"सात वर्षांची मुलगी. लाल किमोनो, देवळाची पायरी, हातात सातव्या वर्षाच्या सणाच्या लांब गोड गोळ्यांची पिशवी. केसांत कागदी बगळा."

"तीच! आमची साओरीच असणार!" आजींनी मोरिवाकीचं मनगट घट्ट धरलं. "हसतेय का रे?"

नोंदीत तसं काहीच नव्हतं. एवढं तरी पदरात घालावं म्हणून तो म्हणाला, "हो तर, अगदी खळखळून."

आजींची पकड सुटली.

"मग ती आमची नव्हे. पुढचे दात पडले होते ना, त्या दिवशी तिनं तोंड म्हणून उघडलं नाही. पुढची नोंद वाच."