कोठारावरचा माणूस

समोरच्या गृहस्थांनी तिसऱ्यांदा तिच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं, तेव्हा तिने ते हळूच उलटं केलं.

विद्यापीठाच्या उन्हाळी शिबिराचा सहावा दिवस होता. मानवी हक्कांचं काम करायला निघालेल्या बावीस जणांना पाच दिवस कायदा शिकवून झाला होता. आज खरी माणसं समोर होती. तुरुंगात मार खाऊन सुटलेली. त्यांनी सांगायचं आणि यांनी शब्द न गाळता लिहून घ्यायचं. जोड्या शिबिर चालवणाऱ्या मॅडमनी चिठ्ठ्या वाटून लावल्या होत्या. पण या गृहस्थांनी आपली चिठ्ठी बदलून घेतली, हे तिने दारातून पाहिलं होतं. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

तिचे बाबा तुरुंगाच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. शिबिरात तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. तसं लपवण्यासारखं काही नव्हतं. बाबा कोठारावर होते. धान्य, कांबळी, साबण. कैद्यांशी आपला संबंधच आला नाही, असं ते नेहमी म्हणत. पण आडनाव हजारात एखाद्याचं. कुणी भलताच अर्थ काढायला नको, म्हणून ती गप्प राहिली होती.

"गाव कुठलं तुमचं, ताई?" गृहस्थांनी विचारलं.

"प्रश्न मी विचारायचे, काका. तुम्ही सांगायचं."

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. आपल्यालाच हसलं का? की मॅडमनीच यांना पढवून बसवलंय? तिने कागद जवळ ओढला.

गृहस्थ सांगू लागले. आवाज चढला नाही की कापला नाही. हात मागे बांधायचे. भरलेल्या पोत्यांवर पालथं पाडायचं, तोंड पोत्यात दाबायचं, म्हणजे ओरडणं बाहेर जात नसे. उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून मिटत नाहीत. ती खाली मान घालून भराभर लिहीत होती.

"मारणारा कोण होता?"

त्यांनी नाव सांगितलं. आडनावासकट.

तिचं पेन थांबलं. "तुमची चूक होतेय. ते कोठारावर होते."

"कोठारातच न्यायचे आम्हाला," ते म्हणाले. "किल्ली त्यांच्याकडेच असायची."

लहानपणी तिने कितीदा कोठार बघायचा हट्ट धरला होता. मागेल ते आणून देणाऱ्या बाबांनी तेवढा एक हट्ट कधी पुरवला नाही.

"तुम्ही मुद्दाम माझ्यासमोर बसलात," ती म्हणाली.

"हो. याआधी चार ठिकाणी सांगून झालंय. दर वेळी कागदावर सगळं उतरलं, तेवढं नाव गळालं. तुम्हा लोकांवर माझा काडीचा विश्वास नाही. तुमचं आडनाव दिसलं. म्हटलं, हिने लिहिलं, तर खरं."

खिडकीपाशी मॅडम उभ्या होत्या. त्यांना हाक मारली की सुटका होती. घरचा माणूस गुंतला असेल तर जागा सोडायची, असा नियमच होता. कुणी तिला दोष दिला नसता. तिने मान वळवली, तोंडही उघडलं. तेवढ्यात पिशवी उचलल्याचा आवाज आला. गृहस्थ निघाले होते. रागाने नव्हे. हे नेहमीचंच, अशा रीतीने.

"बसा, काका," ती म्हणाली. "अजून संपलं नाही."

तिने नाव लिहिलं. पहिलं, मधलं, आडनाव. सगळं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं. मग पान उलटलं. शेवटी एक ओळ होती: नोंद घेणाऱ्याचा आरोपीशी संबंध. आजूबाजूच्या बाकांवर सगळे तिथे न वाचताच 'नाही' लिहीत होते.

तिने लिहिलं, 'मुलगी', आणि कागद सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला.