मोडीतला घोडा

चारुशीलेने मान वर केली, तर घोड्याला शेपूट नव्हतं.

कागदावर होतं. आत्ताच तर तिने तपकिरीत जरासा निळा मिसळून शेपटीच्या साखळीची कडी न् कडी रंगवली होती. समोर, कुंडलच्या लोहारशाळेबाहेर लिंबाखाली, नाथाजी लोहाराने मोडक्या लोखंडाचा केलेला घोडा मात्र बिनशेपटीचा उभा. पोटाला चाकाची धाव, आयाळीला विळे, पायांना चार जुन्या पहारी.

"नाथाजीमामा, शेपूट कुठंय?"

"सिद्धूनं नेलं. म्हशीला साखळी पायजे हुती."

"अहो, पण मी काढतेय ना."

"काढ की. मी कुटं न्हाई म्हनतोय?"

उद्या चित्र सांगलीला शाळेत द्यायचं होतं, प्रदर्शनासाठी. पहिला नंबर आपलाच, असं तिने वर्गभर सांगूनही ठेवलं होतं. ड्रॉइंगमास्तरांची अट एकच, समोर दिसेल तेवढंच काढायचं, मनाचं काही नको. म्हणून तर तिने मामाच्या गावी येऊन आजची अमावास्या धरली. अमावास्येला औत चालत नाही, लोहारशाळा ओस असणार.

औत चालत नाही म्हणूनच अख्खं गाव अवजारं घेऊन आलं होतं. आणि इंग्रज-जर्मनांच्या लढाईमुळे बाजारात लोखंड नव्हतं.

दगडाबाईने आयाळीतला एक विळा उपटला. "माझाच हाय त्यो. मोडका म्हनून टाकलावता."

दुपारी बाळासो आला. त्याच्या गाडीचा आस मोडला होता. बैलबाजारात हिंडावं तसा तो घोड्याभोवती हिंडला आणि पुढच्या पायावर त्याने थाप मारली. नाथाजीने तो पाय काढला, खाली दगड रचले.

चारुशीलेने ब्रश पाण्यात आपटला. "मामा, हे रंग खोडता येत नाहीत. चार पाय झालेत माझे काढून. मास्तर म्हणतील, खोटं काढलंस."

"पाय गेला न्हाई, भाचीबाई. लय दिस उबा हुता, आता चालंल."

बाळासो हसला. तिला रडू येत होतं, पण ती तिथेच बसून राहिली.

उन्हं कलली. आता चित्रात फक्त सावली काढायची राहिली होती. तिने जमिनीकडे नीट पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून ती रंगवायला घेतली.

बाळासोचा आस तयार करून देऊन नाथाजी हात पुसत तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्याने कागदावर बोट न टेकवता पाय मोजले. घोड्याचे चार. सावलीचे तीन, आणि दगडांचा ढीग. सावलीला शेपूटही नव्हतं.

"ही सावली कुनाची गं?"

"तुमच्याच घोड्याची. आत्ता दिसतेय तशी."

 नाथाजीने रस्त्याकडे मान वळवली. बाळासो नवा आस खांद्यावर टाकून घराकडे निघाला होता.

"मग त्यो चौथा पायबी काढ की," नाथाजी म्हणाला. "दिसतोय तवर."