शनिवारी पाच वाजता

"बाबा, सही करा," मास्तरांनी पेन आपल्या वडिलांपुढे सरकवलं.

"मला कशाला गोवतोस? मी कुठे त्या फोनवर फोटो टाकत बसतो?" आजोबा कुरकुरले. चाळीस वर्षं पोस्टमन म्हणून काढलेली. न वाचता सही करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. चष्मा लावून त्यांनी कागद दोनदा वाचला. अनोळखी माणसाला पत्ता द्यायचा नाही. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो टाकायचा नाही. खोटं नाव घ्यायचं नाही. ऑनलाइन भेटलेल्या माणसाला एकट्याने भेटायला जायचं नाही. काही खटकलं तर लगेच घरात सांगायचं.

आजोबांनी सही केली. मग आईने केली, तीही घाईघाईत, कारण तिला दवाखान्यात नर्सच्या ड्यूटीवर जायचं होतं. शेवटी तेरा वर्षांच्या बिट्टीने केली आणि कागद फ्रिजवर चिकटला.

ही सगळी बिट्टीच्या वर्गशिक्षिकेची कल्पना. पालकसभेत बाईंनी बजावून सांगितलं होतं, "मुलांवर पाळत ठेवू नका. त्यांना तयार करा. नियम घरातल्या सगळ्यांनी पाळा." मास्तरांनी तर टाळ्याही वाजवल्या होत्या. ते गाडी चालवायला शिकवायचे. समोरच्याच्या हातात स्टिअरिंग दिल्याशिवाय तो शिकत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

पण त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असायचा. बिट्टीच्या फोनला तसला ब्रेक नव्हता.

म्हणून तिसऱ्याच दिवशी, दोन शिकाऊंच्या मधल्या रिकाम्या वेळात, मास्तर गाडीतच फोनवर खोटं खातं उघडून 'चिमणी' झाले. वय तेरा, आवड मांजरं. एकदाच परीक्षा घ्यायची आणि खातं बंद करायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं.

'शुभ सकाळ. मला मांजरे फार आवडतात. तू कोठे राहतेस?' असं बिट्टीला लिहून त्यांनी खाली एक गुलाबाचं फूल टाकलं.

बिट्टीचं उत्तर संध्याकाळी आलं. 'मलाही मांजरं आवडतात. पत्ता मी कुणाला सांगत नाही.'

मास्तरांची छाती फुगली. जेवताना त्यांनी उगाचच बिट्टीच्या डोक्यावरून हात फिरवला. "काय झालं?" ती म्हणाली. "काही नाही गं, असंच."

खातं मात्र बंद झालं नाही. आठवड्याभराने बिट्टीने चिमणीला एका ग्रुपमध्ये घेतलं. आणखी तीन मुली होत्या: गुलाबो, परी आणि झुळूक. आणि इथून मास्तरांची झोप उडाली.

गुलाबो रोज विचारायची, 'जेवलीस का? झोप नीट लागते ना? घरी तुझ्यावर कोणी ओरडतं का?' परीला सगळ्यांचे पत्ते हवे असायचे, तेही पिन कोडसकट. झुळूक त्यातल्या त्यात सोज्वळ होती, पण तिने एकदा चिमणीला सुनावलं, 'मैत्रीणमधला त्री दीर्घ असतो.' तेरा वर्षांची कुठली मुलगी असं बोलते? मास्तरांची खात्री पटली. ह्या मुली नाहीत. हे कोणीतरी बनेल, वयाने वाढलेले लोक आहेत आणि आपल्या पोरीच्या मागे लागलेत.

बायकोला सांगावं, तर आधी स्वतःचं खोटं नाव सांगावं लागणार. फ्रिज उघडताना त्यांची नजर त्या कागदाकडे गेली की ते काही न घेताच दार लावून टाकायचे.

गुरुवारी ग्रुपमध्ये बिट्टीचा मेसेज आला. 'शनिवारी पाच वाजता वाचनालयात भेटू या का?'

मास्तर तेव्हा एका शिकाऊ आजींच्या शेजारी बसले होते. त्यांनी इतक्या जोरात ब्रेक दाबला, की आजी म्हणाल्या, "मास्तर, आपण अजून उभेच आहोत."

गुलाबो, परी, झुळूक, तिघीही मिनिटाभरात 'हो' म्हणाल्या. चिमणीनेही 'हो' लिहिलं.

"शनिवारी काय बेत?" रात्री जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मैत्रिणीकडे जाणार आहे. शाळेचा प्रकल्प आहे," बिट्टी म्हणाली. तिची पापणीसुद्धा लवली नाही. आई ताटात बघत राहिली. आजोबांना ठसका लागला.

एवढे नियम, एवढ्या सह्या, आणि पोरगी तोंडावर खोटं बोलते! मास्तरांनी ताट बाजूला सारलं.

शनिवारी पावणेपाचला ते वाचनालयात शब्दकोशांच्या कपाटामागे उभे राहिले. बिट्टी दिसली की तिला आधी बाहेर काढायचं. मग त्या तिघांची गचांडी धरायची. इतक्यात पलीकडच्या कपाटामागून बायको निघाली.

"अगं, तुझी ड्यूटी?"

"लवकर सुटले. तुमचा शिकाऊ?"

"आला नाही."

दोघं एकमेकांकडे न बघता दाराकडे बघू लागली. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी आजोबा काठी घट्ट धरून बसले होते. "फिरायला आलो होतो," ते कोणी न विचारताच म्हणाले. आणि खिडकीपाशी, मान उंच करून दाराकडे बघत, बिट्टीच्या वर्गशिक्षिका उभ्या होत्या.

आज सगळ्या गावाला इथेच यायचं होतं का? मास्तर मनातल्या मनात चरफडले. एवढी ओळखीची गर्दी बघून ते भामटे दारातूनच पळतील.

पाच वाजले. बिट्टी आली नाही. कोणीच आलं नाही. मास्तरांनी कपाटाकडे तोंड केलं आणि ग्रुपमध्ये लिहिलं, 'मी आले. तुम्ही कुठे आहात?'

बायकोच्या पर्समध्ये, आजोबांच्या खिशात आणि बाईंच्या हातात, तीन फोन एकदम वाजले.

चौघांनी माना वर केल्या. कोणी काही बोलायच्या आत फोन पुन्हा वाजले, या वेळी चारही. मेसेज बिट्टीचा होता.

'सगळ्याजणी आलात ना? मग आता बोला एकमेकींशी. मी ग्रुप सोडतेय.'