हजारातलं एक

वादळ निवळलं तोवर मेश्रामांच्या पोरीने गोंदियाच्या धावपट्टीवर, उभ्या विमानातच जीव सोडला होता. नागपूरचं हॉस्पिटल नागपुरातच राहिलं. या छोट्या रुग्णविमानाची पायलट हेमांगी. नियमाप्रमाणे तिने पोरीच्या बापासमोर विमानातल्या यंत्राचा पडदा सुरू केला. न झालेलं उड्डाण यंत्र त्याच वादळातून हजार वेळा करून दाखवी; नातेवाइकांची समजूत पटावी म्हणून. कुठे पंख मोडला, कुठे गारांनी काच फुटली, कुठे विमान दगडासारखं खाली आलं. मेश्राम बघत होते. मग एक विमान हेलकावे खात नागपूरला टेकलं.

"हे पोचलं," ते म्हणाले.

"हजारातलं एक आहे, काका. बाकी सगळी पडली."

"पण पोचलं ना? मंग तुम्ही काऊन नाही उडवलं?"

मेश्रामांनी तेवढंच उड्डाण पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

आठवड्याभरात आभाळ तसंच काळंकुट्ट झालं. साप चावलेल्या मुलाला विमानात चढवलं.

"पोचू ना, मॅडम?" त्याच्या आईने विचारलं.

यंत्राचा पडदा पडत्या विमानांनी लालभडक झाला होता. हेमांगीने तो बंद केला आणि इंजिन सुरू केलं.