सोळा जागांची रांग

"घ्या! आणखी एक परत आलं." व्यवस्थापकांनी पार्सल मावशींच्या काउंटरवर आपटलं. पत्त्यातला घर क्रमांक पुन्हा गायब. आठवड्यातलं हे नववं. "मावशी, वय झालं तुमचं. अक्षरं खाता. सोमवारपासून गोदामात बसा."

मावशींचा चेहरा पडला. बावीस वर्षं त्या या कुरिअर कचेरीत पत्ते टाइप करत होत्या. "मी नाही हो खात," एवढंच त्या म्हणाल्या.

शेजारी स्टुलावर प्रोग्रामर बसला होता. महिन्याभरापूर्वी आलेली नवी यंत्रणा त्याचीच. तिच्यात खोट कशी असेल? कळफलक आणि प्रिंटर सांभाळणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्याने स्वतः लिहिला होता! बाकीच्या तीन काउंटरांवर एक अक्षर गळत नव्हतं. मावशींनी सावकाश टाइप केलं, तर इथेही गळेना.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" व्यवस्थापक म्हणाले.

"आता रोजच्यासारखं करा," प्रोग्रामर म्हणाला.

मावशींनी चष्मा वर सरकवला आणि बोटं सुटली. पहिलं लेबल खडखडत बाहेर येतंय, तोवर त्या दुसऱ्या पत्त्यात पार बुडालेल्या. बाकीचे तिघे लेबल हातात पडेपर्यंत जांभया देत बसायचे. त्याने मावशींच्या गळक्या लेबलावरची अक्षरं मोजली. सोळा नीट, मग भगदाड, मग पुढचं सगळं ठीक. दुसरं लेबल मोजलं. पुन्हा सोळाच.

प्रिंटर चालू असताना दाबलेली अक्षरं ड्रायव्हर एका रांगेत थांबवून ठेवतो. रांग भरली की पुढची गेली वाऱ्यावर. त्याने लॅपटॉप उघडला. रांगेत जागा सोळा. खाली त्याचीच टीप, मोठ्या ऐटीत लिहिलेली: 'एवढ्या पुरे. एक लेबल छापून होईपर्यंत माणूस याहून जास्त टाइप करूच शकत नाही.'

"मावशी नाहीत खात," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मी खातोय."

त्याने सोळाचे पाचशे बारा केले. मावशींनी धडाधड दहा पत्ते हाणले. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. व्यवस्थापकांनी पार्सल गुपचूप काखेत मारलं. "सोमवारी इथेच या मग."

"मी कुठे चालले होते?" मावशी हसत म्हणाल्या. हात थांबले नव्हतेच.

प्रोग्रामरने जुनी टीप पुसली नाही. तिच्याखाली फक्त एक ओळ घातली: 'शकतो. चार नंबरच्या काउंटरवर मावशींना भेटा.'