मोजायचं कुठून

"सरूबाई मूळ नक्षत्रावरच्या नाहीतच," बद्रीनाथ जोशी म्हणाले आणि काकासाहेबांच्या हातातली चहाची बशी हातातच राहिली.

लग्नाला सहा महिने होतात न होतात तोच सरूबाईचे सासरे गेले. मूळ नक्षत्रावरची सून, तिनंच सासऱ्याला खाल्लं, असं थोरले दीर काकासाहेबांनी ठरवून टाकलं. तेव्हापासून उस्मानपुऱ्यातल्या त्या घरात एकाही शुभकार्याला तिचा हात लागू दिला नव्हता. पुढं निजाम गेला, त्याचं हाली सिक्क्याचं चलन गेलं. सरूबाईचं मूळ तेवढं जागचं हललं नाही. आता तिच्याच लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि पहिली हळद आईनं नाही, जाऊबाईंनी लावायची, हेही ठरून गेलं होतं. पण व्याह्यांना मुळाची कुणकुण लागली, म्हणून काकासाहेबांनीच जोशीबुवांना सरूबाईची पत्रिका पुन्हा मांडायला लावली होती.

जोशीबुवांनी समजावून सांगितलं. जुन्या पंचांगात राशींची सुरुवात रेवतीतल्या एका ताऱ्यापासून धरत. सरकारच्या नव्या पंचांगात ती चित्रा नक्षत्राच्या समोरून धरतात. फरक चार अंशांचा. पण तेवढ्यानं सरूबाईचा चंद्र मुळातून मागं, ज्येष्ठा नक्षत्रात जातो.

"आकाशात काही बदललं नाही. मोजायचं कुठून, एवढाच प्रश्न."

काकासाहेबांचा जीव भांड्यात पडला. मोठ्या मनानं म्हणाले, झालं गेलं विसरू, हळद सरूनंच लावावी.

मोठं मन! दाराआड उभ्या सरूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोरल्या दिरासमोर ती आजवर तोंड उघडून बोलली नव्हती. पदर सावरून ती थेट बैठकीत आली.

"जोशीबुवा, ज्येष्ठा नक्षत्रावरची सून कोनाला वाईट असती?"

जोशीबुवा घुटमळले. पंचांगाकडं बघत पुटपुटले, "थोरल्या दिराला, म्हणतात."

काकासाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. घसा खाकरून ते म्हणाले, जुनं पंचांगच बरं, वाडवडील तेच मानत आले, सरकारला काय कळतंय त्यातलं. जोशीबुवांनी मान डोलावली. तुम्ही सांगाल ते धरतो, म्हणाले.

"नवंच धरा," सरूबाई म्हणाली. "मामंजी गेले तवा कुठून मोजायचं, मला कुनी इचारलं नाय. आज मी सांगते. इतकी वर्सं माज्या हातचं खाऊन भाऊजी धडधाकट हायेत, तेबी लिहा पत्रिकेत."

काकासाहेबांनी हातातली बशी खाली ठेवली.

"लेकीला हळद मीच लावनार," ती म्हणाली. "भ्या वाटत असंल तर त्या दिवशी तुम्ही लांब बसा, भाऊजी. मला जमलं, तुम्हालाबी जमंल."